बेकरीत आधी काय भाजतात, मग काय, आणि का

दुकानावर 'बेकरी' अशी पाटी असली म्हणजे आत भट्टी असेलच असं नाही. कित्येक पाट्यांच्या मागे नुसती काचेची कपाटं असतात. पाव एकीकडून येतो, खारी दुसरीकडून, केक तिसऱ्याच कुणाकडून. आपण तिलाही बेकरीच म्हणतो. डॉक्टर "बेकरीचं बंद करा" म्हणतात तेव्हा तर दुकानाचा संबंधच नसतो, त्यांच्या मनात मैदा, साखर आणि डालडा असतो. इथे मात्र आपण भट्टीवाल्या बेकरीबद्दल बोलतोय. लादी पाव, ब्रून (कडक सालीचा पाव), खारी, नानकटाई, टोस्ट आणि चहात बुडवायचं ते कडक 'बटर' एकाच छपराखाली का बनतात, हे कळायला भट्टी कशी तापते आणि कशी निवते एवढं समजलं की पुरे.

भट्टीची उतरती आच

जुन्या पद्धतीची भट्टी म्हणजे विटांची ठेंगणी घुमटी. जमीन विटांची किंवा दगडी फरशीची, समोर एक तोंड, त्यावर पत्र्याचं झाकण. लाकडं भट्टीच्या पोटातच पेटवतात. काही तास जाळ झाला की निखारे कडेला ओढतात किंवा बाहेर काढतात, राख झाडतात आणि लांब काठीला बांधलेलं ओलं गोणपाट फरशीवरून फिरवतात. त्यानंतर आत विस्तव जवळजवळ नसतो. भाजण्याचं काम करते ती जाड भिंतींनी आणि फरशीने धरून ठेवलेली धग. ती हळूहळू सुटते आणि कित्येक तास पुरते.

झाडून झाल्याबरोबर पाव आत टाकला तर बुड करपतं आणि पोट कच्चं राहतं. म्हणून थोडा वेळ तोंड बंद करून थांबतात, म्हणजे धग सगळीकडे सारखी पसरते. तापमापक नसला तर चिमूटभर मैदा फरशीवर फेकायचा. लगेच काळा झाला तर भट्टी अजून तेज आहे. काही सेकंदांत सावकाश तांबूस झाला तर पाव लावायला हरकत नाही. पांढराच राहिला तर पावाची वेळ गेली, आता बिस्किटं लावा.

पुढचा सगळा क्रम यातूनच येतो. २३० ते २५० अंशांवर ब्रून आणि कडक पाव. २१० ते २३० च्या दरम्यान लादी. २०० च्या आसपास खारी फुलवायची. १६० ते १८० ला केक, १५० ते १७० ला नानकटाई आणि बिस्किटं. शेवटी भट्टी १२० च्या खाली आली की टोस्ट आणि बटर वाळायला ठेवून तोंड लावून घ्यायचं. एकदा जाळलेल्या लाकडाची शेवटची ऊबही फुकट जाऊ द्यायची नाही, हा यातला हिशेब. बेकरीत इतके निरनिराळे पदार्थ मिळतात त्याला गिऱ्हाइकांची आवड कारण आहेच, पण भट्टी निवत असताना रिकामी ठेवणं परवडत नाही, हेही तितकंच खरं कारण आहे.

डिझेल, गॅस किंवा विजेच्या फिरत्या रॅकच्या भट्टीत तापमान बटणावर ठरतं, त्यामुळे कोणताही पदार्थ कधीही भाजता येतो. तरी पाव पहाटे आणि बाकीचं दुपारी हा शिरस्ता टिकून आहे, कारण पाव लोकांना सकाळीच लागतो. मुंबईत हा बदल आता सक्तीचा झालाय. हवेच्या प्रदूषणाबाबतच्या सुनावणीत जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. बेकरीवाल्यांची तक्रार फक्त नव्या यंत्राच्या खर्चाची नाही. विटांच्या फरशीवरून बुडाला थेट बसणारा चटका पत्र्याच्या ट्रेमधून तसा बसत नाही, त्यामुळे कडक पावाचं बुड बदलतं. लादीला मात्र याने फारसा फरक पडत नाही, कारण ती पूर्वीपासून ट्रेमध्येच भाजली जाते.

पाव: पीठ, पाणी आणि वेळ

बेकरीत सगळी मापं मैद्याच्या वजनावरून धरतात. मैदा १०० धरला तर पाणी ५६ ते ६०, मीठ दीड ते दोन, साखर दोन ते तीन, तेल किंवा वनस्पती तूप दोन, ओलं यीस्ट दोन. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला २८ ते ३० लिटर पाणी, पाऊण ते एक किलो मीठ, एक-दीड किलो साखर, एक किलो तूप आणि एक किलो ओलं यीस्ट. कोरडं दाणेदार यीस्ट वापरलं तर ओल्याच्या तिसरा हिस्सा पुरतं. यातलं यीस्ट आणि पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, बाकीचं सहसा नाही.

मैद्यात पाणी पडलं आणि मळणं सुरू झालं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं लवचिक जाळं तयार होतं. यीस्ट हे जिवंत बुरशीवर्गीय जीव. ते साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तो वायू या जाळ्यात अडकून पीठ फुगतं. जाळं कच्चं असेल तर वायू निसटतो आणि पाव दडदडीत होतो. मळण पुरेसं झालं का, हे बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हलके ताणायचा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता निघाला तर झालं. आधीच फाटला तर अजून पाच मिनिटं मळा.

मीठ चवीपुरतंच असतं असं वाटतं, पण त्याचं मोठं काम यीस्टला आवरण्याचं आणि जाळं घट्ट करण्याचं आहे. मीठ विसरलेलं पीठ भराभर वर येतं, हाताला चिकटतं आणि भट्टीत बसतं. उलट मीठ आणि ओलं यीस्ट थेट एकमेकांवर टाकून तसेच ठेवले तर यीस्ट दुबळं पडतं. मीठ मैद्यात आधी मिसळून घेतलं की ही भीती राहत नाही.

खरी कसोटी तापमानाची. मळून झालेलं पीठ २६ ते २७ अंशांवर हवं. त्याहून गार असलं तर यीस्ट आळसावतं. ३२-३३ च्या वर गेलं तर पीठ झपाट्याने फुगतं, आंबूस वास येतो आणि पाव भट्टीत जायच्या आधीच यीस्टची ताकद संपते. मैद्याचं आणि खोलीचं तापमान आपल्या हातात नसतं, पाण्याचं असतं. म्हणून एक साधं गणित करतात: हवं असलेलं तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं, मैद्याचं आणि मळण्याच्या घर्षणाचं तापमान वजा. हाताने मळताना घर्षणाचे तीन अंश धरा. मे महिन्यात खोली ३४ आणि मैदा ३४ असेल तर ८१ उणे ७१, म्हणजे पाणी १० अंशांचं, फ्रिजमधलं. डिसेंबरात खोली आणि मैदा १८-१८ असेल तर ८१ उणे ३९, म्हणजे ४२, कोमट. 'पाव करताना पाणी कोमटच हवं' हा सल्ला सरसकट दिला जातो. नागपुरात मे महिन्यात तो पाळलात तर पाव बिघडणारच.

मळलेलं पीठ दीडपट-दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवतात, मग त्यातला वायू दाबून काढून गोळे करतात. गोळा करताना पीठ खालच्या बाजूला ओढून वरचा पृष्ठभाग ताणून घ्यायचा असतो. हा ताण नसेल तर गोळा वर न चढता आडवा पसरतो. लादीसाठी गोळे ट्रेमध्ये बोटभर अंतरावर मांडतात. दुसऱ्यांदा फुगताना ते एकमेकांना टेकतात आणि भाजताना चिकटून जातात. पाव तोडल्यावर बाजू पांढऱ्या, मऊ आणि तंतूतंतू दिसतात त्या यामुळे. त्या बाजूंना भट्टीची कोरडी धग लागलेलीच नसते. तेच गोळे सुटे ठेवून भाजले तर सगळीकडून साल धरते. ब्रूनच्या पिठात साखर-तूप नावापुरतं किंवा अजिबात नसतं आणि भट्टीत सुरुवातीला वाफ असते. वाफेमुळे वरची साल लवकर सुकत नाही, पाव नीट फुगतो आणि मग ती पातळ पण कडकडीत होते.

भट्टीत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत पाव झपकन वर येतो. पोटातलं तापमान ५५-६० अंशांवर गेलं की यीस्ट मरतं. पुढे पिठूळ भाग पाणी शोषून शिजतो, ग्लुटेनचं जाळं पक्कं होतं आणि पावाचा आकार कायमचा ठरतो. पोट ९५ च्या थोडं वर गेलं की पाव शिजला. आत पाणी असेपर्यंत ते १०० च्या पुढे जात नाही, म्हणून आतला भाग पांढरा राहतो. वरची साल कोरडी होऊन पुढे तापते आणि तांबूस होते. लादीला साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात.

हेच घरी करायचं तर

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, कोरडं इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (दीड चहाचा चमचा), मीठ ९ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, तेल किंवा लोणी २५ ग्रॅम. पीठ हाताला किंचित चिकटेल इतकं सैल हवं. पहिली दहा मिनिटं ते चिकटतंच. त्या वेळी वरून मैदा भुरभुरवला की पाव कोरडा होणार हे नक्की. लोणी शेवटी घाला, कारण ते आधी घातलं तर जाळं तयार व्हायला वेळ लागतो. २७ अंशांच्या खोलीत तासाभरात पीठ दुप्पट होतं. घड्याळावर विसंबू नका, पिठाकडे बघा. साधारण ५३ ग्रॅमचे १६ गोळे करून नऊ इंची चौकोनी टिनमध्ये चार-चारच्या रांगेत मांडा आणि पुन्हा ४० ते ५० मिनिटं झाकून ठेवा. ओल्या बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला तर भाजायला न्या. चटकन भरला तर थांबा. मुळीच भरला नाही तर वेळ टळली. अजिबात धक्का न लावता लगेच भाजा. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आधी १५ मिनिटं तापवून २१० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर वरून दुधाचा किंवा लोण्याचा हात फिरवा, पाच मिनिटांनी टिनमधून जाळीवर काढा. टिनमध्येच निवू दिला तर वाफेने बुड ओलं होतं.

पाव फिका राहिला तर ओव्हन नीट तापलेला नव्हता, किंवा पीठ इतका वेळ फुगत ठेवलं की साखर यीस्टनेच संपवली. वरची साल गडद आणि मध्ये चिकट गोळा म्हणजे आच जास्त. यीस्टचा उग्र वास येत असेल तर यीस्ट जास्त पडलं किंवा पीठ उकाड्यात राहिलं. माथ्याखाली मोठी पोकळी दिसली तर गोळे करताना आतली हवा नीट काढलेली नाही. आणि पीठ फुगलंच नाही तर आधी यीस्ट तपासा: अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून दहा मिनिटं ठेवायचं. वर फेस आला नाही तर यीस्टचं पाकीट फेकून द्या.

गोव्याचा पोदेर आणि पुण्याचं बिस्किट

आपल्याकडे पाव पोर्तुगिजांबरोबर आला आणि गोव्यात तो सगळ्यात खोल रुजला. तिथल्या पोदेरांना, म्हणजे पाववाल्यांना, सुरुवातीला यीस्ट मिळत नव्हतं, तेव्हा ते माडाची सूर (माडी) पिठात घालायचे. ताज्या सुरेत नैसर्गिक यीस्ट भरपूर असतं, म्हणून पीठ फुगायचं आणि त्याला मंद आंबूस गोडसर चव यायची. आता बहुतेक ठिकाणी बाजारचं यीस्टच वापरतात. सूर महाग झाली, रोज सारखी मिळत नाही आणि तिचा जोर दिवसागणिक बदलतो. आकार मात्र अजून टिकून आहेत: गोल कडक सालीचा उंडो, कात्रीने कापून आकार दिलेला कात्रो, बांगडीसारखं वाळकं कांकण आणि गव्हाच्या कोंड्यात लोळवलेली पोई. पोईच्या पोटात पोकळी असते, कारण ती चपटी असते आणि तापलेल्या फरशीवर पडताच आतल्या वाफेने तिचे दोन पदर सुटतात. यातलं उंडो आणि पोई घरच्या ओव्हनमध्ये तशी होत नाही, कारण फरशीचा चटका नाही. दगडी स्लॅब तासभर तापवून त्यावर भाजली तर बरीच जवळ जाते.

घाटावर पाव स्वीकारायला वेळ लागला. पीठ पाण्यात भिजवून मळणारे हात कुणाचे, हा प्रश्न होता. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जात मोडल्याची ती खूण होती. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून केवढं वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्याच पुण्यात कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक रांगा लावू लागले. कयानी १९५५ ची. इराण्यांनी मुंबई-पुण्यात उभ्या केलेल्या बेकऱ्यांपैकी एक.

खारी: पापुद्र्यांचं गणित

पावात चरबी जेमतेम, खारीत तिचंच राज्य. एक किलो मैद्याला अर्धा लिटर गार पाणी, १५ ते २० ग्रॅम मीठ, थोडा लिंबाचा रस, पिठात ५० ग्रॅम तूप आणि पदरांमध्ये लावायला आणखी ४०० ते ५०० ग्रॅम. यीस्ट किंवा सोडा काही नाही. खारी फुलते ती निव्वळ वाफेवर. चिरोट्याला साटा लावून घड्या घालतात तेच तत्त्व: पिठाचा पदर, त्यावर स्निग्ध थर, पुन्हा पीठ. लाटून तीन घड्या घातल्या की थर तिप्पट होतात. पाच वेळा केलं तर २४३, सहा वेळा केलं तर ७२९. याच्या पुढे फायदा नाही, थर इतके पातळ होतात की एकमेकांत मिसळून जातात.

भट्टीत पिठातलं पाणी वाफ होतं, चरबीचे थर तिला अडवतात आणि पदर सुटे होऊन उचलले जातात. २०० अंशांवर १५-२० मिनिटांत खारी फुलते, पण ती तेव्हा आतून ओलसर असते. मग १४० च्या आसपास आणखी अर्धा तास वाळवावी लागते. ही दुसरी पायरी घाईत उरकलेली खारी दोन दिवसांत मऊ पडते आणि मधला पदर पिठूळ लागतो. विकत घेताना एक तुकडा मोडून बघा: मधोमध फिका, दबलेला, ओलसर पट्टा दिसला तर ती नीट वाळलेली नाही.

पदरांमधली चरबी पिठाइतकीच नरम हवी. कडक असेल तर लाटताना तुकडे होऊन पीठ फाडते, वितळली तर पिठात मुरते आणि खारीची जाड पुरी होते. उन्हाळ्यात साजूक तूप किंवा लोणी तग धरत नाही, म्हणून बेकऱ्या उशिरा वितळणारं खास मार्जरिन वापरतात. शरीराच्या ३७ अंशांवरही ते पूर्ण विरघळत नाही. खारी खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर का बसतो, त्याचं उत्तर इथे आहे. वाळलेल्या खारीच्या वजनात जवळजवळ तिसरा हिस्सा चरबी असते, तेव्हा 'हलकी असते म्हणून खारी' या समजुतीत काही दम नाही. एक गोष्ट मात्र सुधारली: जानेवारी २०२२ पासून अशा तेला-तुपांत ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्के आहे. पूर्वीच्या डालड्यात ट्रान्स फॅट कितीतरी जास्त असे.

याच लाटीची पट्टी पत्र्याच्या शंकूभोवती गुंडाळली की क्रीम रोल, सारण भरून दुमडली की पॅटिस. पॅटिस वाळवत नाहीत, म्हणून ते त्याच दिवशी खायचं.

नानकटाई आणि घरची बिस्किटं

नानकटाईत ग्लुटेन अजिबात नको असतं, म्हणून पाणी नाही. ५०० ग्रॅम मैद्याला २५० ते ३०० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम तूप, मूठभर रवा किंवा बेसन आणि वेलची. थिजलेलं तूप आणि साखर पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत फेटायचं, मग मैदा हाताने नुसता गोळा करायचा, मळायचा नाही. तूप पातळ असेल किंवा साखर जाडसर असेल तर नानकटाई भट्टीत पसरून चपटी होते. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर येते तेव्हा मऊच असते. 'अजून कच्ची आहे' म्हणून पुन्हा आत ढकललीत तर गार झाल्यावर दगड होईल.

बिस्किटांत बेकऱ्या 'अमोनिया' घालतात, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. तापल्यावर त्याचा संपूर्ण वायू होतो आणि मागे खारट-साबणी चव राहत नाही, जी सोडा जास्त झाल्यावर राहते. पातळ, कोरड्या बिस्किटातून अमोनियाचा उग्र वास निघून जातो. जाड ओलसर केकमध्ये तो अडकतो, म्हणून केकला अमोनिया चालत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर, दूध आणि पत्र्याचा मोठा डबा घेऊन बेकरीत जायची पद्धत कित्येक गावांत अजून आहे. बेकरीवाला भाजणावळ घेतो आणि दुपारची वेळ देतो. दुपारच का, तर तोवर पावाचा घाणा उरकलेला असतो आणि भट्टी बिस्किटांच्या आचेवर उतरलेली असते. एक किलो मैद्याला ६०० ग्रॅम साखर आणि अर्धा किलो तूप नेलंत तर साधारण दोन किलो बिस्किटं होतात. साहित्य घरी तोलून, तूप थिजवून न्या. बेकरीच्या उकाड्यात ते तसंही नरम होणार आहे. आणि बिस्किटं गरम असताना डब्याचं झाकण लावू नका. आत घाम धरतो, वरची बिस्किटं मऊ पडतात आणि आठवड्याभरात डबाभर खवट वास येतो.

टोस्ट, बटर आणि उरलेला पाव

टोस्ट म्हणजे दोनदा भाजलेला पाव. त्यासाठी थोडी जास्त साखर आणि वेलची किंवा बडीशेप घालून लांबट पाव करतात, रात्रभर निवू देतात आणि मग कापतात. ताजा पाव कापला तर सुरीखाली दबतो. बोटभर जाडीच्या चकत्या ११०-१२० अंशांवर तासन्‌तास वाळवल्या की पावातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त असलेलं पाणी पाच टक्क्यांच्या खाली येतं. इतक्या कोरड्यावर बुरशीचं काही चालत नाही, म्हणून टोस्ट महिनोन्‌महिने टिकतो. चहात बुडवायचं बटर हे छोट्या, जास्त मोहनाच्या, बहुधा जिरे घातलेल्या पावाचंच वाळवण. लोण्याला बेकरीत मस्का म्हणतात, म्हणून गल्ल्यावर गोंधळ होत नाही.

पाव मात्र एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो तो निव्वळ सुकून नाही. शिजलेला पिठूळ भाग पुन्हा घट्ट होऊ लागतो, आणि हे फ्रिजच्या चार-पाच अंशांवर सगळ्यात वेगाने होतं. म्हणजे मऊ राहावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत खायचा असेल तर कापडात गुंडाळून बाहेर ठेवा; जास्त दिवस ठेवायचा तर थेट फ्रीझरमध्ये. खाताना पाण्याचा हलका शिपका मारून झाकणाच्या तव्यावर गरम केला की पुन्हा मऊ होतो, पण लगेच खायला हवा. दुसऱ्यांदा तो आधीपेक्षा जास्त चिवट होतो.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाव मोडल्यावर आत चिकट तार सुटत असेल आणि पिकलेल्या फळासारखा वास येत असेल तर तो फेका. ती बुरशी नाही, भाजण्यातही न मेलेल्या जिवाणूंची करामत आहे. पिठात थोडं व्हिनेगर घातलं तर ती रोखता येते. बुरशी दिसली तर नुसता तो कोपरा काढून बाकीचा खाऊ नका. मऊ पावात तिचे धागे दिसतात त्याच्या बरेच आत पोचलेले असतात. पाकीटबंद ब्रेडवर कॅल्शियम प्रोपिओनेट किंवा २८२ हा आकडा दिसतो, तो बुरशी लांबवण्यासाठी, आणि त्याला परवानगी आहे. पाव जास्त फुगावा म्हणून पूर्वी घालत त्या पोटॅशियम ब्रोमेटला २०१६ पासून नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. 'ब्राउन ब्रेड' असं लिहिलेलं असून पहिलं नाव मैद्याचं आणि खाली कुठे कॅरॅमल रंग असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच.

मऊ पडलेली खारी आणि बटर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून पूर्ण निवू दिली की पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास मात्र भाजून जात नाही, तशी खारी टाकून द्यावी.